तासाला चार बंड्या

वर्ध्याहून नागपूरकडे निघालेला प्रवासी पवनारजवळ धाम नदीचा पूल ओलांडून पुढे आला, की थोड्याच वेळात त्याला सेलू लागते. आणि हा प्रवास त्याने दिवाळी उलटून थंडी पडू लागल्यावर केला असेल, तर रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना अडकून राहिलेले कापसाचे पांढरे पुंजके पाहून आपण कोणत्या मुलखात आलो आहोत हे त्याला गावाची पाटी वाचण्यापूर्वीच कळून चुकते. सिंदी रेल्वेच्या बाजार समितीचा उपबाजार सेलूला आहे, रुई आणि सरकी वेगळी करणारे जिन या परिसरात आहेत, आणि मुहूर्ताची खरेदी झाली की बैलबंड्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि मालमोटारी यांची जी रांग वजनकाट्यापासून सुरू होते, तिचे शेपूट कधी फाटकाच्या आत असते तर कधी थेट सडकेवर येते. ही रांग आज लांब का आणि उद्या आखूड का, या वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या प्रश्नात जो एक पारिभाषिक शब्द दडलेला आहे, त्याविषयी मला येथे लिहावयाचे आहे.

शब्द इंग्रजी आहे: थ्रूपुट. संगणकाच्या आणि दूरसंचाराच्या दुनियेतून तो अलीकडे आपल्या कानांवर वारंवार पडू लागला असला, तरी त्याचा अर्थ तेथला नव्हे, कारखान्यातला आहे. एखाद्या व्यवस्थेत, मग ते यंत्र असो, बंदर असो की तहसिलीतील अर्ज स्वीकारण्याची खिडकी असो, जो माल किंवा जे काम आत जाते, ते तिच्यातून पार होऊन ठराविक वेळात किती परिमाणाने बाहेर पडते, एवढेच तो शब्द सांगतो. आमच्याकडचा शेतकरी हा शब्द न शिकताही नेमका तोच प्रश्न विचारतो. ‘जिन किती गाठींचा?’ असे तो म्हणतो, तेव्हा जिनाच्या गोदामात किती गाठी मावतात हे त्याला जाणून घ्यावयाचे नसते. दिवसाच्या दोन पाळ्यांत तेथून किती गाठी बांधून निघतात, आणि त्या हिशेबाने आपली बंडी आज रिकामी होईल की परवा, हे त्याला हवे असते. म्हणजे प्रश्नात ‘दिवसाला’ हा शब्द उच्चारलेला नसतो, पण सगळा प्रश्न त्या अनुच्चारित शब्दावरच उभा असतो.

येथेच ‘क्षमता’ या आपल्या भारदस्त तत्सम शब्दाची अडचण सुरू होते. तो दोन अगदी निराळ्या गोष्टींना एकाच पागोट्याखाली बसवतो. सेलू तालुक्यातच बोर नदीवर धरण आहे. त्या धरणाची क्षमता म्हणजे त्यात साठू शकणारे पाणी, आणि ते दशलक्ष घनमीटरांत मोजतात. परंतु पावसाळ्यात दरवाजे उघडले की वर्तमानपत्रात जो आकडा येतो तो साठ्याचा नसतो, विसर्गाचा असतो, आणि तो सेकंदाच्या हिशेबाने दिलेला असतो. रांजण केवढा आहे ही एक बाब आणि त्याची तोटी किती धार देते ही दुसरी. पाटबंधारे खात्याने या दोहोंसाठी ‘साठा’ आणि ‘विसर्ग’ असे दोन स्वच्छ शब्द रूढ करून मराठीवर उपकार केले आहेत. उद्योगखात्याच्या दफ्तरात मात्र दोन्हींना ‘क्षमता’च म्हणतात, आणि वाचणाऱ्याने संदर्भावरून काय ते समजून घ्यावे अशी अपेक्षा असते. थ्रूपुटला ‘प्रक्रिया क्षमता’ किंवा ‘संस्करण क्षमता’ असे जे प्रतिशब्द योजले जातात, त्यांत वेळेचा मागमूसही नाही.

माझे मत विचाराल तर प्रतिशब्द शोधत इतके लांब जाण्याचे कारणच नव्हते. परिभाषा घडवणाऱ्या विद्वानांनी एखाद्या साखर कारखान्याच्या फाटकाशी घटकाभर बैलगाड्यांच्या रांगेत उभे राहावयास हवे होते. ‘गाळप’ हा शब्द तेथे केव्हाचा तयार आहे. गाळणे म्हणजे आरपार जाऊ देणे, आणि त्यात काही मागे ठेवून काही पुढे पाठवणेही आलेच. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला तेव्हा त्याची गाळप क्षमता दिवसाला ५०० टन होती, असे सांगितले की नगर जिल्ह्यातल्या निरक्षर ऊस उत्पादकालाही त्याचा अर्थ उलगडून सांगावा लागत नसे. कारण या ५०० टनांत आपली तोडणी कधी, आपला फड किती दिवस वाळत उभा राहणार आणि वजनात किती घट येणार, हे सगळे तो मनातल्या मनात वाचत असे. पुढे हाच शब्द सोयाबीनला आणि इतर तेलबियांनाही लागला. कापसाला तेवढा तो लागला नाही, कारण कापूस गाळत नाहीत. तरी कल्पना तीच.

आता जिनात काय घडते ते पाहू, म्हणजे हा आकडा कोठून येतो हे कळेल. पूर्वी घरोघरी रेचा असे: एकमेकांना लागून फिरणारे दोन रूळ, एका बाजूने कापूस भरवावयाचा, रुई पलीकडे जाई आणि रुळांच्या फटीतून जाऊ न शकणारी सरकी अलीकडे पडे. दिवसभर मान मोडून बसले तरी त्यातून निघणारी रुई दोन-अडीच किलोंच्या आसपासची. अमेरिकेत मॅकार्थी नावाच्या गृहस्थाने १८४० मध्ये चामड्याचा रूळ आणि पोलादी सुरी यांची जोड घालून जे यंत्र काढले, त्याचाच विस्तार म्हणजे आज विदर्भात सर्वत्र चालणारा दुहेरी रुळांचा जिन. चामड्याच्या खरबरीत रुळाला तंतू चिकटून ओढला जातो, रुळाला टेकवलेली स्थिर सुरी सरकीला अडवते, आणि मधली हलती सुरी वरखाली होत त्या अडलेल्या सरकीला ठोकून तंतूपासून सोडवते. यंत्र धसमुसळे दिसते, आवाज तर कान बधिर करणारा असतो, पण तंतूच्या लांबीची जपणूक करण्यात करवती दातांच्या जिनापेक्षा ते सौम्य आहे, आणि म्हणूनच लांब धाग्याचा अभिमान बाळगणाऱ्या मुलखाने ते सोडले नाही. हिंगणघाटच्या कापसाचे नाव एके काळी परदेशातील बाजारांपर्यंत पोहोचले होते, हे या संदर्भात लक्षात ठेवावे.

असा एक जुन्या धर्तीचा दुहेरी जिन तासाला साधारण ५० किलो रुई देतो. मोठ्या आकाराचे नवे जिन त्याच्या दुपटीनेही देतात. हिशेबासाठी असे मानू की एका कारखान्यात २४ जिन ओळीने लावलेले आहेत. तासाला १,२०० किलो रुई झाली. आपल्याकडची गाठ १७० किलोंची, म्हणजे तासाला सात गाठी. रुईचा उतारा शेकडा ३४ धरला, तर १,२०० किलो रुईसाठी सुमारे ३५ क्विंटल कापूस लागतो. आणि बंडीत नऊ क्विंटल भरलेला असेल तर याचा अर्थ तासाला चार बंड्या. कोट्यवधी रुपयांची इमारत, ट्रान्सफॉर्मर, हवेच्या नळ्या, आकाशात फेकली जाणारी धूळ, या सगळ्या खटाटोपाचे सार शेतकऱ्याच्या भाषेत इतकेच, की तासाला चार बंड्या.

गाठीचा आकडाही ध्यानात घेण्यासारखा आहे. मुंबईच्या बाजारात रुईचा भाव अद्यापि खंडीवर सांगतात. ही खंडी ७८४ पौंडांची, आणि जुनी गाठ तिच्या बरोबर निम्मी, ३९२ पौंडांची. दशमान पद्धत आली, गाठ १७० किलोंची झाली, पण खंडी आपली ३५६ किलोंची होऊन तशीच राहिली, आणि त्यामुळे एका खंडीच्या दोन गाठी हा सोपा हिशेब बिघडून गेला. वजनमापे बदलणाऱ्या सरकारपेक्षा बाजाराची जीभ अधिक सनातनी असते.

पण जिनाच्या भिंतीवर रंगवलेल्या पाटीवरचे सात आणि प्रत्यक्षातले सात यांत अंतर पडते, आणि ते अंतर हाच या विषयाचा गाभा आहे. पहिल्या वेचणीचा, फुललेला, कोरडा कापूस रुळावर चढतो तेव्हा यंत्र आपले ब्रीद राखते. सकाळच्या दवात वेचलेला, किंवा वजन वाढावे म्हणून कोणी हळूच पाण्याचा हात फिरवलेला कापूस आला की तोच जिन कुंथू लागतो; ओला तंतू सरकीला सोडत नाही. आधारभूत भावाच्या खरेदीत आर्द्रता ८ ते १२ टक्क्यांच्या मर्यादेत असावी हा जो दंडक आहे, त्यामागे केवळ वजनाची लबाडी पकडण्याचा हेतू नसतो. शेवटच्या वेचणीच्या कवडी कापसात पालापाचोळा अधिक, बोंडअळीने खाल्लेल्या बोंडांचा कापूस कमी प्रतीचा, तोही संथ चालतो. शिवाय रुळाचे चामडे झिजून गुळगुळीत झाले की त्यावर पुन्हा खाचा पाडाव्या लागतात, सुऱ्यांचे अंतर जुळवावे लागते, आणि तेवढा वेळ ती ओळ मुकी असते. अधिक रुई निघावी म्हणून रुळाचा दाब आणि वेग वाढवणारा मालक गाठी जास्त बांधतो खरा, पण तापलेला आणि तुटलेला तंतू त्या गाठींत भरून पाठवतो, आणि त्याची किंमत पुढे सूतगिरणीच्या तपासणीत मोजतो.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की कारखाना म्हणजे केवळ जिन नव्हे. वजनकाटा आहे, प्रत ठरवणारा ग्रेडर आहे, गंजीवरून जिनापर्यंत कापूस वाहणारे हमाल किंवा हवेच्या नळ्या आहेत, आणि शेवटी गाठ दाबणारी प्रेस आहे. प्रेस तासाला बारा गाठी बांधू शकते आणि जिन सातच देतात, तर गाठी सातच निघतात. जिन दुपटीने वाढवले, तासाला चौदा गाठींची रुई बाहेर पडू लागली, तरी प्रेसपाशी ती बाराला अडते आणि प्रेसच्या खोलीत रुईचा डोंगर चढू लागतो. ग्रेडर एकच असून तो तासाला तीन बंड्या पाहत असेल, तर मागची सगळी यंत्रसामग्री चार बंड्यांची असूनही कारखाना तीन बंड्यांचा होतो. साखळीतील सर्वांत अरुंद जागा जेवढे पुढे जाऊ देते, तेवढेच साऱ्या साखळीचे गाळप. एलियाहू गोल्डरॅट या इस्रायली लेखकाने १९८४ मध्ये एक कादंबरीच या एका सूत्रावर रचली आणि जगभरच्या व्यवस्थापकांनी ती पाठ्यपुस्तकासारखी वाचली; सुरईचे तोंड पाहिलेल्या माणसाला ती गोष्ट नवी वाटण्याचे कारण नाही.

रांगेचा हिशेबही येथूनच निघतो. तासाला चार बंड्या आणि दिवसाला सोळा तास काम, म्हणजे दिवसाला ६४ बंड्या. आवारात २०० बंड्या उभ्या असतील, तर शेवटच्याला तीन दिवसांहून अधिक थांबावे लागेल. हे गणित इतके उघड आहे की त्याला कोणा पंडिताचे नाव लागावे याचे आश्चर्य वाटते; परंतु जॉन लिटल या अमेरिकन प्राध्यापकाने १९६१ मध्ये त्याची काटेकोर सिद्धता दिली आणि तेव्हापासून ते लिटलचा नियम म्हणून ओळखले जाते. व्यवस्थेत सरासरीने जितके जण उभे आहेत, ती संख्या म्हणजे तासाला येणाऱ्यांची संख्या गुणिले प्रत्येकाला लागणारे तास. यातील कोणतेही दोन आकडे ठाऊक असले की तिसरा आपोआप मिळतो. दवाखान्यातील रुग्ण, बँकेतील खातेदार, तारांमधून धावणारे संदेश, सर्वांना तो लागू आहे. त्याच्या आधी अर्धशतक, १९०९ मध्ये, एर्लांग नावाच्या डॅनिश गणितज्ञाने दूरध्वनीच्या केंद्रात किती वाहिन्या असाव्यात याचा विचार करताना रांगांच्या शास्त्राचा पाया घातला होता. त्याने दाखवून दिलेली एक गोष्ट मात्र उघड नाही, आणि ती शेतकऱ्याच्या फार कामाची आहे: आवक सरासरीने गाळपाहून थोडी कमी असली तरी रांग लागतेच, कारण आवक सारखी येत नाही. सोमवारी बाजार, मंगळवारी सुट्टी, बुधवारी भाव चढल्याची वदंता, आणि सगळा तालुका एकदम बंड्या जुंपून निघतो.

माझे थोरले चुलते, ज्यांना आम्ही या भागाच्या रीतीप्रमाणे मोठेबाबा म्हणत असू, कापूस घेऊन निघाले की त्यांच्याबरोबर जाण्याचा हट्ट मी धरीत असे. रात्री आवारात बंड्या सोडलेल्या, बैल कडबा चघळत बसलेले, कापसाच्या उबेत अंग खुपसून झोपावयाचे आणि पहाटे हमालांच्या चहाच्या भगुण्याशी जाऊन बसावयाचे, हा माझ्या लेखी सोहळा होता. मोठेबाबांच्या लेखी तो तिसरा दिवस होता. भिंतीवर रंगवलेला गाठींचा आकडा मी मोठ्याने वाचून दाखवला तेव्हा ते म्हणाले होते, ‘पाटी काय पायतं बाबू, बंडी कितव्या दिवशी रिकामी झाली ते इचार.’

क्षमतेच्या आकड्याचा हा दुटप्पीपणा जुना आहे. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत आली, त्यापूर्वीच अमेरिकेतील यादवी युद्धाने इथल्या कापसाला भाव आणला होता; बैलांच्या पाठीवरून मिर्झापूरपर्यंत किंवा गाड्यांतून मुंबईकडे जाणारा सैल कापूस आता वाघिणींत भरावयाचा होता, आणि वाघिणीत जास्तीत जास्त वजन बसावे म्हणून गाठी दाबणाऱ्या वाफेच्या प्रेसा रुळांच्या कडेने उभ्या राहू लागल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी वऱ्हाड-खानदेशासारख्या कापूसमुलखात जिन इतके झाले की सर्वांना पुरेल एवढा कापूसच नव्हता. तेव्हा मालकांनी एक युक्ती काढली, तिला ते ‘पूल’ म्हणत. गावातील सर्व जिनांनी मिळून करार करावयाचा, त्यातील मोजकेच चालवावयाचे, बाकीच्यांना कुलूप, आणि नफा मात्र बंद असलेल्यांसह सर्वांत वाटून घ्यावयाचा. यंत्र न चालवता यंत्राचे उत्पन्न खाण्याचा हा मक्ता मोठा सुखाचा होता. कागदोपत्री गावाची क्षमता प्रचंड, प्रत्यक्षात गाळप बेताचे, आणि मजुरी ठरवणारा एकच. १९१७ मध्ये नेमलेल्या भारतीय कापूस समितीने जिनांच्या कारभाराची तपासणी केली, पुढे १९२५ चा जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांविषयीचा कायदा आला आणि प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण व अनुक्रमांक घालण्याची सक्ती झाली. ती भेसळ पकडण्यासाठी होती, पण तिच्यामुळे कोणत्या प्रेसने किती गाठी बांधल्या याचा दाखलाही तयार होऊ लागला.

स्वातंत्र्यानंतर उलटाच प्रकार. १९५१ च्या उद्योगविषयक कायद्याने मोठ्या कारखान्यांना परवाना लागू लागला आणि त्या परवान्यात उत्पादनाची क्षमता लिहिलेली असे. तिच्या वर माल काढणे हा गुन्हा. पूर्वी मालक आपखुशीने यंत्रे बंद ठेवीत, आता चालती यंत्रे सरकारच्या हुकुमाने थोपवावी लागत. १९७२ पासून महाराष्ट्रात एकाधिकार कापूस खरेदी योजना आली. तिच्या कायद्याच्या नावातच खरेदी, प्रक्रिया आणि विक्री असे तिन्ही व्यवहार गोवलेले होते. खरेदीदार एकच झाल्याने संकलन केंद्रावरची रांग ही विदर्भाच्या हिवाळ्याची ओळख बनून गेली. त्या योजनेने भावाचा आधार दिला हे नाकारता येणार नाही, आणि चुकारे हप्त्याहप्त्याने मिळत हेही; तिचा न्यायनिवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. २००० मध्ये केंद्र सरकारने कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू केले आणि त्यात जुन्या जिनांचे आधुनिकीकरण झाले: कापूस हवेच्या नळीतून ओढणे, कापूस साफ करणारी यंत्रे, फरशी घातलेली आवारे, अधिक दाबाच्या प्रेसा. माणसाच्या डोक्यावरून जाणारी टोपली जेथे अरुंद जागा होती तेथे पंखा आला.

अरुंद जागा नाहीशी होत नाही, ती सरकते, याचे जगाच्या इतिहासातील सर्वांत भीषण उदाहरण कापसाचेच आहे. एली व्हिटनेने १७९३ मध्ये तारेच्या दातांचा जिन काढला आणि एका माणसाला दिवसाला ५० पौंड रुई काढता येऊ लागली. तोवर अमेरिकेच्या दक्षिणेत कापूस अडला होता तो सरकी काढण्यापाशी. ती गाठ सुटली आणि अडचण मागे, शेतात, वेचणीपाशी जाऊन बसली. तेथे मात्र यंत्र नव्हते, माणसाची बोटेच होती. १७९० मध्ये त्या देशात सुमारे सात लाख गुलाम होते, १८६० मध्ये ते चाळीस लाखांच्या घरात गेले. गुलामगिरीची कारणे अनेक, आणि त्या सर्वांचे खापर एका यंत्रावर फोडणे शहाणपणाचे नाही. परंतु गुलामांचे श्रम वाचवणारे म्हणून ज्या यंत्राकडे पाहिले गेले, त्यानेच त्यांची मागणी वाढवली, हा हिशेब केवळ जिनापाशी उभे राहून दिसत नाही.

वर्ध्याचे नाव ज्यांच्यामुळे जगाला कळले त्या गांधीजींना यंत्राचे शत्रू समजण्याची चाल आहे. १९२९ मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले, त्याच्या अटी मात्र एखाद्या कसलेल्या यंत्रज्ञाने लिहाव्यात अशा आहेत: आठ तासांत बारा ते वीस नंबरचे १६,००० फूट सूत निघाले पाहिजे, किंमत दीडशे रुपयांच्या वर जाता कामा नये आणि बाईमाणसाला फारसा थकवा न येता चालवता आला पाहिजे. पहिली अट निखळ गाळपाची आहे. उरलेल्या, ते गाळप कोणाच्या जिवावर मिळवावयाचे नाही, हे सांगणाऱ्या. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात घडलेला एक चरखा या स्पर्धेत उतरला होता, पण बक्षीस कोणालाच मिळाले नाही.

संगणकाच्या बाजूचे थोडक्यात सांगतो, कारण तेथे तत्त्व नवे काहीच नाही, फक्त वेग डोळे दिपवणारा आहे. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक सिद्ध केला, तेव्हा त्याची शक्ती सेकंदाला शंभर कोटी गणिते अशी सांगितली जाई. जगातील पाचशे बलाढ्य महासंगणकांची जी यादी १९९३ पासून निघते, तिच्यात प्रत्येक यंत्रापुढे दोन रकाने असतात: तत्त्वतः कमाल वेग किती आणि प्रत्यक्ष चाचणीत मिळाला किती. दुसरा आकडा नेहमी पहिल्याहून लहान. भिंतीवरची पाटी आणि रिकामी झालेली बंडी, यांनाच तेथे शेजारी शेजारी बसवले आहे. आमच्या जिनांच्या पाटीवर हा दुसरा रकाना कोणी रंगवील तर मी त्याचे जाहीर अभिनंदन करीन. मोबाइलच्या जाळ्याचेही तसेच. कंपनी सांगते तो सडकेच्या रुंदीचा आकडा; आपल्या हाती येतो तो रहदारीचा. आधारभूत भावाने कापूस विकावयाचा तर आता मोबाइलवर नोंदणी करून दिवस ठरवून घ्यावा लागतो, तेव्हा आवारातली रांग पुष्कळशी हातातल्या पडद्यावर गेली आहे. बैलांना हे मानवले आहे.

राहता राहिली वेचणी. सरासरीने एक बाई दिवसभरात पंचवीस-तीस किलो कापूस वेचते. बोंड चांगले फुटले असेल तर थोडा अधिक, फरदडीचा, म्हणजे हंगाम संपल्यावरही झाडे राखून घेतलेला, असेल तर बराच कमी. आपण मानलेल्या त्या चोवीस जिनांच्या कारखान्याला तासाला ३५ क्विंटल कापूस लागतो. म्हणजे जिनाच्या एका तासाच्या तोंडी जवळजवळ सव्वाशे बायांची दिवसभराची वेचणी पडते, आणि सोळा तासांची भूक भागवावयाची तर दोन हजार बाया एका दिवशी शेतात वाकलेल्या असाव्या लागतात. रुळांचा वेग वाढवता येतो, प्रेसचा दाब वाढवता येतो, वजनकाटा तर आता मोटारीसकट तोलतो. परदेशांत वेचणीही यंत्रे करतात, पण आपल्या झाडावर बोंडे एकदम फुटत नाहीत, दिवाळीपासून संक्रांतीपलीकडेपर्यंत टप्प्याटप्प्याने फुटतात, तुकडे लहान आहेत, मध्ये तुरीच्या ओळी आहेत, आणि यंत्राला बोंड आणि पाचोळा यांतला भेद बोटांइतका कळत नाही. कापसाच्या या सबंध साखळीतील अरुंद जागा आज सेलूच्या फाटकाशी नाही, फाटकापासून कोस-दोन कोस दूर शेतात आहे. गावात मजूर मिळत नाही म्हणून ऑटो करून शेजारच्या तालुक्यातून बाया आणाव्या लागतात, वेचणीचा दर हंगाम सरत जाईल तसा किलोमागे चढत जातो, आणि एखाद्या वर्षी जानेवारीत, गाठींची पाटी जशीच्या तशी असताना, जिनाच्या दोन पाळ्यांची एक होते.

दिवस कलला की धुऱ्यावरच्या निंबाच्या फांदीला ताणकाटा टांगला जातो. बाया कमरेची ओटी सोडून कापूस चादरीवर रिता करतात, गाठोडे बांधून काट्याच्या आकड्याला लावतात, आणि मालकाचा मुलगा शाळेच्या वहीत नावापुढे आकडा लिहितो: २६, २९, २४, ३१. एकतीसवाली हसते, चोवीसवाली वजन पुन्हा करावयास सांगते.